शेठसरांची सोनगीरची अंडी

तमाम धुळेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या फार्मसी कॉलेजातले शेठसर, ज्यांच्या जैन घरात कांदासुद्धा शिरत नसे, ते दर सोमवारी सोनगीरहून अंडी आणत. तीही देरासरात पूजेला न्यायच्या पिशवीतून. साक्षीदार मी, त्यांचा प्रयोगशाळा सहायक.

"बठ्ठा अंडा ताजाच शेतस, सर. आमलेट भारी व्हई," अंडी देणारी अक्का म्हणायची. सर नुसता घाम पुसत.

जळगावला दिलेली त्यांची थोरली बहीण, जीजी. तिच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा भलताच गुंता वाढत होता. सर्जननी हात टेकले होते. झटके येऊ नयेत म्हणून ती फेनोबार्बिटलची जुनी, स्वस्त गोळी घेई. ही गोळी वाहिन्यांची वाढही रोखते का, एवढंच सरांना पाहायचं होतं. पिल्लू धरलेल्या अंड्यात वाहिन्या रोज नव्याने फुटतात. कवचाला खिडकी पाडायची, काहींत औषधाचा, काहींत नुसत्या पाण्याचा थेंब सोडायचा, काही दिवसांनी अंडं फोडून फाटे मोजायचे.

फोडण्याआधी सर चपला काढून अंड्याला हात जोडत. "मिच्छामि दुक्कडं." म्हणजे, माझ्या चुकीची क्षमा असो.

"सर, ते ऐकत नाही," मी एकदा म्हटलं.

"म्हणून तर मोठ्यानं म्हणतो."

पहिल्या खेपेला औषधाच्या अंड्यांत फाटे कमी दिसले. सर व्हरांड्यात चक्क नाचले. दुसऱ्या खेपेची मोजणी नेमकी संवत्सरीला आली, पर्युषणाच्या शेवटच्या, कडक उपासाच्या दिवशी. अंडी काही थांबत नाहीत.

"मी फोडतो," मी म्हणालो.

"बहीण माझी. पाप तुमच्याकडं कशाला?"

औषधाची अंडी आणि नुसत्या पाण्याची अंडी, दोन्हींत वाहिन्या सारख्याच. सरांनी तीनदा मोजलं. मग आकडे वहीत लिहून चपला पायात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी जैन घरांत एकमेकांची माफी मागतात. मला सोबत घेऊन सर जळगावला गेले, भरल्या घरात जीजीच्या पायाशी बसले आणि कुणी न विचारता सगळं सांगून मोकळे झाले. अंडी, पिशवी, फाटे.

"पाप केलं, जीजी. उपयोगही झाला नाही."

तिच्या सासूबाईंनी नाकाला पदर लावला. मी हळूच दाराकडं सरकलो.

साखरेत मुंगी दिसली तर डबाच अंगणात ठेवून देणारी जीजी. तिनं सरांचं मनगट पकडलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, "अजून अंडी आण, भैया."