बाबांची दुभाषी

समुद्रपूरच्या स्टँडवर मला सोडायला अख्खी गल्ली आली होती, बाबा सोडून. ऑगस्ट संपत आला होता, कपाशीवर फवारणी सुरू होती आणि बाबांचं बी-बियाणं, औषधं विकायचं कृषी केंद्र आहे. "फवारणीच्या दिवसात दुकान बंद ठेवता येत नाई," असं ते सकाळीच सांगून गेले. मला नाही, आईला. नागपूरची बस दुकानावरूनच जाते. खिडकीतून पाहिलं तर दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं आणि बाबा मान खाली घालून औषधाच्या बाटल्या पुसत होते. बस हॉर्न वाजवत गेली तरी वर पाहिलं नाही. असा राग आला मला त्यांचा की रडायचंच राहून गेलं.

त्यांची इच्छा साधी होती. मी सावंगीत नर्सिंग करावं, एसटीने डबा पोहोचेल एवढ्याच अंतरावर राहावं. मी मात्र पिपरी मेघेला मावशीकडे राहून कॉलेज करता करता मोबाईलवर कोरियन मालिकांच्या नादी लागले, मग त्या भाषेच्या, आणि एक दिवस तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र घेऊनच घरी आले.

"हे शिकून करशीन काय?" बाबांनी विचारलं.

"दुभाषी होईन."

"म्हणजे जन्मभर दुसऱ्याचंच बोलणं बोलशीन," ते म्हणाले आणि उठून गेले.

तुम्ही गावातल्या मैत्रिणी विचारता, तिकडे करमतं का. करमतं गं, खोटं कशाला बोलू. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना माहीत आहे, करमतं याचंच कधी कधी वाईट वाटतं. आता मी फोनवर बोलतानासुद्धा मान झुकवते. भात चमच्याने खाते. सांबारवडीची आठवण मात्र जीव खाते, कारण आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, इथे सहज मिळत नाही. मी राहते त्या घराची मालकीण सत्तरीची आहे. तिला मी हाल्मोनी म्हणते, म्हणजे आजी. मी उशिरा आले की ती बोलत नाही, नुसतं ताट वाढते. राग दाखवायची ही तऱ्हा मला घरची ओळखीची होती.

घरी दर रविवारी फोन. बाबा उचलायचे. "बरी हायेस ना? घे, आईशी बोल." दोन वर्षं एवढंच.

मग मागच्या नोव्हेंबरात हाल्मोनीकडे वर्षाची किमची घालायची होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरड्यांना बायका जमतात तसंच, फक्त इथे थंडी. मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानाला लाल तिखटाचा लेप लावायचा. हात भरलेले, म्हणून फोन मिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. त्या दिवशी आई माहेरी गेली होती. बाबांजवळ फोन द्यायला कोणी नव्हतं.

हाल्मोनीने पडद्यात डोकावून त्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, सांग यांना, एवढ्या लांब मुलगी पाठवली, मोठी हिंमत आहे.

मी ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले,

"त्याइले सांग, हिंमत बिंमत काई नाई. हे पोरगी गेली त्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाई. गेलो असतो तं हिचा हात धरून घरी घेऊन आलो असतो. म्हणून रिकाम्या दुकानात बसून राह्यलो."

आमच्या बाई वर्गात सांगतात, दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. 'मी' म्हणायचं. तसंच मी कोरियनमध्ये म्हटलं, मी माझ्या मुलीला सोडायला गेलो नाही. पुढचं वाक्य कसंबसं पूर्ण केलं. दोन वर्षं जपलेला राग कुठे गेला कळलं नाही. डोळे पुसावे तर हात तिखटाचे. शेवटी हाल्मोनीनेच आपल्या बाहीने पुसले.

"काऊन रडून राह्यली? तिखट लागलं काय?" बाबांनी विचारलं.

"हो," म्हटलं.

तेव्हापासून त्यांना माझ्याशी बोलायचंच नसतं. "आजीबाईले दे फोन," म्हणतात. मग पोरगी जेवते काय, स्वेटर घालते काय, सगळं हाल्मोनीला विचारतात. आणि मी मधे बसून माझ्याच तक्रारी इकडून तिकडे पोचवते.

गेल्या रविवारी म्हणाले, "त्याइले विचारजो, शिकणं झाल्यावर पोरगी वापस येईन, का तिकडंच राहीन?"

हा प्रश्न मी हाल्मोनीला विचारलाच नाही. "बाबा, काम इकडंच करीन म्हणते," मी म्हटलं. "पण येत राहीन."

मला वाटलं, आता आईला फोन देतील.

"बरं," म्हणाले. "येशीन तवा आधी सांगजो. मी स्टँडवर येतो."

"फवारणीचे दिवस असले तं?"

"असले तरी."

पहिल्या वर्षी वर्गात 'माझं घर' असा निबंध होता. तेव्हा मी खोल्या लिहिल्या होत्या, अंगण, कडुलिंब. आता लिहायला सांगितलं तर समुद्रपूरचं स्टँड लिहीन, आणि दुकान बंद करून तिथे येऊन उभे राहिलेले बाबा.