दोन व्याह्यांचं पथक

रामीबाईचं नृत्यपथक म्हणजे तिचं घरच. बोरी अरबजवळच्या तांड्यातली ही बंजारा माणसं. रामीबाई पुढं नाचते, सून संगीता आणि तिच्या चार जावा मागं. नवरा हरिसिंग नगारा वाजवतो, मुलगा भारत टेम्पो चालवतो. जन्मभर होळीला तांड्यात लेंगी नाचलेली रामीबाई साठाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर चढली आणि तेव्हापासून खाली उतरायचं नाव घेत नाही.

परवा कळंबच्या महोत्सवाचं बोलावणं होतं. "मोठा मांडव दिसन, तिथंच या," एवढंच फोनवर सांगितलेलं. गावात शिरताच भारतला मोठा मांडव दिसला. टेम्पो थांबतो न थांबतो तोच हरिसिंगनं नगाऱ्यावर टिपऱ्या टाकल्या आणि आरशांचा घागरा सावरत रामीबाई गात-नाचत थेट आत घुसली.

संगीता सासूच्या कानाशी कुजबुजली, "याडी, इथं तं नवरी बसून हाय."

"सत्काराची पाहुणी असन. तू पाय उचल."

मंगलाष्टकं नुकतीच आटोपली होती. नवरीचे वडील बापूजी यांना वाटलं, व्याह्यांनी हौसेनं पथक आणलं. व्याह्यांना वाटलं, बापूजींनी. कमी पडायचं कोणालाच नव्हतं, म्हणून दोन्हीकडची माणसं फेरात उतरली. नवरीची आजी शकुबाई काठी खुर्चीला टेकवून आली आणि रामीबाईचा हात सोडीचना.

पंगतीत बापूजींनी विचारलं, "व्याही, पथक कुठून आणलं जी?"

"आमी कायले आणू? आमाले वाटलं, तुमीच आणलं."

दोघंही रामीबाईकडे बघू लागले. बुंदीचा घास तिच्या हातातच राहिला.

"मंग हा महोत्सव नाही काय?"

पंगत हसून हसून लोळली. बापूजी म्हणाले, "माय, आधी पोटभर जेव. मग मी सोता तुले पोचवतो."

महोत्सवाचा मांडव निघाला नदीपलीकडं. पथक तासभर उशिरा पोचलं, मागून दोन गाड्या भरून वऱ्हाड. निवेदकानं विचारलं, "बाई, कलाकार किती?"

"घरून आठ निघालतो," रामीबाई म्हणाली. "आता तुमीच मोजा."

त्या दिवशी स्टेजवर बाशिंग बांधलेले नवरा-नवरी नाचले, दोन्ही व्याही नाचले. बक्षीस काही मिळालं नाही. शकुबाईनं मात्र रामीबाईला बहीण मानलं, आणि येत्या होळीला ती तांड्यावर मुक्कामाला येणार आहे.