ढब्या, चपट्या आणि साळूबाई

साळूबाईचं मंगलाबाईशी भांडण नाही. भांडण असतं तर ते कधीतरी मिटलं असतं. साळूबाई तिच्यावर जळते, आणि ते लपवायचे कष्टही घेत नाही. पंचवटीत, गंगेवरच्या भाजीबाजारात दोघी शेजारी शेजारी बसतात. एकाच टेम्पोतून सायखेड्याहून येतात, दुपारी एकमेकींचा ठेचा खातात आणि त्याच टेम्पोतून परत जातात. एवढं सगळं एकत्र असूनही साळूबाई मंगलाबाईला पाण्यात पाहते. का, म्हणून विचारलं की ती तोंडाने बोलत नाही, हनुवटीने समोरच्या चहाच्या टपरीकडे दाखवते. तिथे एक कॅलेंडर टांगलेलं आहे.

त्या कॅलेंडरवर मंगलाबाई आहे. हातात मेथीची जुडी, गालावर सकाळचं ऊन, आणि नजर अशी की बघणाऱ्याला वाटावं, ही आपल्यालाच हाक मारतेय. एका बियाण्यांच्या दुकानाने ते छापून गावोगाव वाटलं. फोटो काढला मयूरने. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवून गल्लीबोळांतून हिंडणारं आमचं एक टोळकं आहे, त्यातला हा हिरो. आणि मी त्या टोळक्याला कॅमेरे भाड्याने देणारा. अशोकस्तंभाजवळ माझं छोटंसं दुकान आहे. तेव्हा हेही सांगून टाकतो, की ज्या कॅमेऱ्याने तो फोटो निघाला तो कॅमेरा माझा, लेन्स माझी, बॅटरी मी चार्ज करून दिलेली, आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात नाव मात्र मयूरचं. टपरीवर चहा प्यायला गेलो की मी त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसतो. साळूबाईचं दुखणं मला कळतं ते उगाच नाही.

साळूबाई उंच, वाळकी, पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि जाड भिंगांचा चष्मा. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून ती मेथीवर पाणी शिंपडत असते आणि तोंडाचा पट्टा चालू असतो. गिऱ्हाइकाने जुडी उलटीपालटी करून पाहिली की म्हणते, "पोरगी बघायला आलाय का भाजी घ्यायला?" तिची मेथी बाजारात सगळ्यांत ताजी असते, आणि ती विकली जायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, तो या तोंडामुळे.

"ही आली तव्हा हिच्याकडं गोणपाट बी नव्हतं," मंगलाबाईच्या देखतच ती मला सांगते. "माझ्यातला कोपरा दिला मी. आता लोक इचारत येत्यात, कॅलेंडरवाली बाई कोणती म्हणून. आन माझ्या मेथीवर पाय देऊन तिच्याकडं जात्यात."

मंगलाबाई यावर हसते. ती कशावरही हसते.

"आक्का, त्या फोटूत तू बी हाय की."

"हाय ना! ती कडंला हिरवी धूसर दिसती ना, ती मी!"

आणि ते खरं आहे. मी माझ्या दुकानात तो फोटो मोठा करून पाहिला. मंगलाबाईच्या मागे हिरव्या लुगड्याचा एक पुसट पट्टा आहे, आणि कोपर असावं असं काहीतरी. मोठ्या तोंडाची लेन्स लावली की हवा तो चेहरा साफ येतो आणि बाकीचं सगळं लोण्यासारखं वितळतं. त्या लोण्यात साळूबाई गेली.

एवढ्यावरच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण एका रविवारी ती शेपू निवडता निवडता तिच्या मालकांबद्दल बोलायला लागली. भिमाजी जाऊन दोन वर्षं झाली. घरात त्यांचा एकही फोटो निघाला नाही. मग मुलाने, वाल्मीकने, आधार कार्ड स्टुडिओवाल्याला दिलं. त्याने तेवढंच तोंड मोठं केलं, खाली कोट-टाय चिकटवला, मागे निळा पडदा टाकला, आणि तो भिमाजी हार घालून भिंतीवर गेला.

"जन्मात ज्यानं बंडी सोडून काय घातलं नाय, त्याला कोट घातलाय रं भाऊ," साळूबाई म्हणाली. "रोज उदबत्ती लावते आन मनात म्हणते, कोण रं बाबा तू? आता माझाबी तसाच करतील. आधारावर मी कशी आली हाय म्हाईत हाय का? पोलिसांनी धरून आणल्यावानी."

मग तिने मंगलाबाईकडे पाहिलं. मंगलाबाई कुणाला तरी कोथिंबीर वरती फुकट देत होती.

"हिच्या पोरांनी कॅलेंडर कापून फ्रेम करून ठेवलीया. ही मेली तर भिंतीवर राणीसारखी बसंल. आन मी? मला एक फोटू काढून दे भाऊ. हिच्यापेक्षा चांगला. बराबरीचा नको."

मी हो म्हणालो. तिच्यासाठी म्हणालो, पण मयूरपेक्षा चांगला फोटो काढायचा, या विचाराने मलाही गुदगुल्या झाल्या.

योगायोगाने त्याच आठवड्यात दुकानात दोन नवे कॅमेरे आले होते, दोन्ही मिररलेस. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात आतला आरसा खटकन वर उडायचा, तो यांत नसतो. लग्नसराई तोंडावर होती आणि गिऱ्हाईक विचारणार, दादा, यातला कुठला नेऊ? नुसते कागदावरचे आकडे वाचून मी कधी सल्ला देत नाही. कॅमेरा भाजीबाजारात नेतो. जो ताडपत्रीखालच्या अंधारात, धक्काबुक्कीत, एका हातात पिशवी धरून चालवता येतो, तो कुठल्याही मांडवात चालतो.

मोठ्या कॅमेऱ्याला साळूबाईनेच नाव दिलं, ढब्या. लहान्याला चपट्या. ढब्याची पकड झकास. मूठ भरून बसते, करंगळीलाही जागा मिळते, आणि न बघता अंगठ्याला हवं ते बटण सापडतं. पण थोडं हिंडलं की मान दुखते, आणि बाहेर काढला की बाजार सावध होतो. बायका पदर सारखा करतात, रिक्षावाले केस. चपट्या म्हणजे साबणाची वडी. घामेजल्या हातातून निसटतो, आणि बटणं इतकी बारकी की एक दाबायला जावं तर दोन दाबली जातात. डोळा शोधण्यात तर ढब्याचा हात कुणी धरणार नाही. चेहरा दिसला रे दिसला की पडद्यावर एक चौकट येऊन डोळ्यावर बसते, माणूस हलला तरी सोडत नाही. चपट्या सावलीत पुढे-मागे चाचपडत राहतो, चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यासारखा. अर्थात मी पहिल्या रविवारी ढब्याच उचलला.

साळूबाईला दिसावं म्हणून मी त्याचा पडदा वळवून तिच्याकडे केला. ती चांगली पुढे सरकून बसली.

"ही चौकट कशाची?"

"जिच्यावर चौकट बसते ती साफ येते, मावशी."

चौकट साळूबाईवर बसली. साळूबाईने मान जराशी हलवली, चष्म्याच्या काचेवर ऊन चमकलं, आणि चौकट उडी मारून तिच्या मागे बसलेल्या मंगलाबाईच्या डोळ्यावर गेली. मी परत आणली. ती परत गेली. पदराची सावली, जाड भिंगं, खाली घातलेली नजर, यात ढब्याला साळूबाईचा डोळा सापडत नव्हता. मागे मंगलाबाई बिचारी सरळ समोर बघत बसली होती.

"माझ्यावरून उठून तिच्याकडं का पळती ती?"

"मशीन आहे मावशी, तिला काय कळतं."

"सगळं कळतंय. मशीनला बी तीच दिसती!" साळूबाईने बाटली आपटली. "जा घेऊन. लगीनघरी ने त्याला, तिथं लय बाया भेटतील."

मंगलाबाई म्हणाली, "आक्का, मी उठून जाऊ का जरा?" आणि ते साळूबाईला जास्तच झोंबलं. त्या दिवशी तिने ठेचा खाल्ला नाही.

पण मी हार मानणारा नव्हतो. ढब्यात ओळखीचे चेहरे साठवून ठेवायची सोय आहे. लग्नात नवरीचा चेहरा एकदा साठवला की शंभर वऱ्हाड्यांत तो तिलाच धरतो. मी साळूबाईला सांगितलं, पुढच्या रविवारी तुम्हालाच नवरी करून टाकतो. ती लाजलीबिजली नाही. म्हणाली, "मग हिनं किती बी हसू दे?"

"कितीही."

पुढच्या रविवारी ती लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून मेथी विकत होती. चेहरा साठवायला कॅमेरा पडद्यावरच्या गोलात तोंड मागतो. सरळ बघा, सावली नको, चष्मा नको, हलू नका.

"आरं, हे तर आधारच झालं!"

"एकदाच मावशी, त्याला ओळख पटू दे."

ओळख पटली. मग मात्र चौकट साळूबाईला अशी चिकटली की काय सांगू. मंगलाबाईने मागून हात हलवून पाहिला, उभी राहून पाहिलं. ढब्या ढिम्म हलला नाही. साळूबाईचं तोंड असं फुललं की एका गिऱ्हाइकाला तिने वर एक जुडी फुकट दिली. "आता कशी!" ती मागे वळून म्हणाली. पण माझी लेन्स तिच्यावर आली की लगेच ताठ व्हायची, ओठ मिटायची, श्वास धरायची. मी बरेच फोटो काढले. एकेक पापणी मोजून घ्यावी इतके साफ.

तिने चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि पडद्यावर एकेक फोटो पाहिला. 

"आधारच हाय," ती म्हणाली. "फक्त मोठं."

मला तिच्याकडे बघवेना. दुकानातला सगळ्यांत महागडा कॅमेरा, त्याला तिची ओळखही करून दिली, आणि निघालं काय, तर पुन्हा पोलिसांनी धरून आणलेली बाई. मी ढब्या गळ्यात तसाच लोंबकळू दिला. दोन्ही कॅमेरे तपासायचे ठरवलंच होतं, म्हणून खिशातून चपट्या काढला आणि पोटाजवळ धरून उगाच बटणं दाबत बसलो.

एवढ्यात मयूर आला. बरोबर टोळकं, हातात माझाच भाड्याचा कॅमेरा.

"मंगलामावशी, इकडे बघा! जुडी वर धरा!"

मंगलाबाईने जुडी वर धरली आणि हसली. साळूबाई मेथीवर पाणी शिंपडत होती, तिने मंगलाबाईकडे मान वळवली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता आणि ती त्याच्या वरून बघत होती. मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ एका बाजूला ओढलेले, बाटली हवेत तशीच थांबलेली आणि पाण्याची धार मेथीवर पडायची सोडून त्या जांभळ्या लुगड्यावर. इतके दिवस मी तिच्या डोळ्यांमागे धावत होतो, ते डोळे आता भाकरीखालच्या निखाऱ्यांसारखे लाल, उघडे होते. चपट्याचा पडदा मी खालूनच बघत होतो. तिच्या तोंडावर बोट ठेवलं. तो मेला पुढे गेला, मागे आला, मी मनात त्याला शिवी हासडली, आणि मग तो बसला. बटण दाबलं. आवाज झाला नाही. साळूबाईला कळलं नाही, मंगलाबाईला नाही. मयूर तर माझ्या पुढ्यात उभा होता, त्यालाही कळलं नाही, याचा मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकाने विचारलं तर मी सांगतो, लग्नाला ढब्या न्या, रस्त्यावर हिंडायचं असेल तर चपट्या. का, ते सांगत नाही.

आठवडाभराने मोठी प्रिंट काढून बाजारात नेली. वाटेत धाकधूक होती. जळणाऱ्या माणसाला त्याचं जळणं दाखवायचं म्हणजे मार खायची तयारी हवी. साळूबाईने पदराला हात पुसले, प्रिंट मांडीवर घेतली आणि चष्मा वरखाली करत पाहत राहिली. मंगलाबाई तिच्या खांद्यावरून वाकली.

"आगंबाई आक्का! कुणाला खाती का काय!" आणि ती हसत सुटली. मग हसू ओसरलं तशी हळूच म्हणाली, "पर लय जित्ती दिसती गं. माझा असा नाय आला एक बी."

साळूबाईने ते ऐकलं. ऐकल्याचं तिने दाखवलं नाही, पण पाठ सरळ झाली.

"मावशी," मी म्हणालो, "आवडला असेल तर भिंतीसाठी नीट करून देतो. हे कडेला मंगलामावशींचा खांदा आलाय ना, ही जुडी, तेवढं कापून टाकतो. मग तुम्ही एकट्याच."

मला वाटलं ती खूश होईल. तिने प्रिंट छातीशी ओढली.

"कापायचं नाय."

"अहो पण तुमचा फोटो—"

"येडा का काय तू? तिला काढलं तर मी कोणाकडं बघू ऱ्हायले, ते घरातल्यांना कसं कळंल?"

 मंगलाबाईने बाजूला ठेवलेली बाटली उचलली आणि साळूबाईच्या मेथीवर पाणी शिंपडायला लागली. साळूबाईने प्रिंट पुन्हा उजेडात धरली, कडेच्या त्या खांद्यावर बोट ठेवलं आणि मला दम दिला.

"पर साफ करायचं नाय हां तिला. हाय तशी अंधुकच ऱ्हाऊ दे."