वाचनालयातला रुमाल

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर एसटी नीट थांबायच्या आधीच एक काका खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मला त्यांचा रागच यायचा. पण धरलेली जागा ते हमखास एखाद्या लेकुरवाळीला देतात आणि स्वतः उभे राहतात.

मागच्या आठवड्यात प्रवेशासाठी आलेल्या मुलांना मी आमचं विद्यापीठ दाखवत होतो. घोळक्यात लेकीसोबत काकाही होते. वसतिगृह, दवाखाना, कँटीन त्यांनी नुसतं पाहिलं. वाचनालयात मात्र पंख्याखालच्या खुर्चीवर हळूच रुमाल टाकला.

"काका, तिचं नाव अजून यादीत यायचंय."

"व्हय, म्हणून तर आत्ताच धरली. मागून जागा भेटत न्हाई."

तेव्हापासून एसटीत ते बिनरुमालाचे, उभेच असतात. यादी उद्या लागेल. आज वाचनालय झाडताना मावशींनी रुमाल उचलला. मी तो पुन्हा खुर्चीवर ठेवला.