खळ्यावर गमबूट

आमच्या गावात माझ्या आजारावर बोलायची मुभा सगळ्यांना होती, फक्त मला नव्हती. नवव्या वर्षी मला डायबिटीस झाला, टाइप वन. म्हणजे शरीर इन्सुलिन बनवायचं बंद करतं आणि जन्मभर ते सुईने टोचून घ्यावं लागतं. इतकं साधं आहे. पण पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या आत्यापासून शेजारच्या काकूपर्यंत प्रत्येकीला त्याचं कारण माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एक म्हणे चॉकलेटं खाल्ली, दुसरी म्हणे दृष्ट लागली. कारल्याचा रस तर मी इतका प्याले, की घरात कारलं दिसलं तरी माझं डोकं फिरायचं.

लावणीच्या वेळी चिखलात वाकून वाकून साखर एकदम खाली जायची. हातपाय थरथरायचे. मी ओटीतला गुळाचा खडा तोंडात टाकला रे टाकला, की बांधावरून काकू ओरडायची, "गो, तुला शुगर हाय ना? गूल कशाला खातेस?" आता हिला सांगायचं तरी काय? तोंडात गूळ, डोळ्यांपुढे अंधारी, आणि ही आपली मला वाचवायला निघालेली!

पण मला शेतीच करायची होती. बारावी झाल्यावर एका दुकानात हिशेब लिहायला बसवलं होतं मला, पंख्याखाली. चार महिन्यांत पळून आले. मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तळोज्याला कंपनीत होता. विमानतळ येणार, येणार म्हणून जमिनींना भाव आले होते, आणि एक कंटेनरवाला आमचं शेत यार्डासाठी भाड्याने मागत होता. दादा म्हणायचा, देऊन टाकू. भराव टाकला की संपलं, मग तिथे भात कसला पिकतोय! शेवटी बाबांनी तोड काढली. "यंदाचा पीक ही काढंल. जमला तर शेत हिच्याकडं. नाय जमला तर दादा म्हनतो तसा."

मी तेवढ्यावर वर्षभर राबले. पेरणी, लावणी, तणाची बेणणी, कापणी, सगळं माझ्या हिमतीवर. आणि अडकले कुठे, तर पायात!

पनवेलचे डॉक्टर मला लहानपणापासून बघत होते. त्यांनी विचारलं, "शेतात काय घालून जातेस?" म्हटलं, काही नाही, सगळेच अनवाणी जातात. ते खवळले. "पाय कापून घ्यायची हौस आहे का? या आजारात हळूहळू पायाची जाणीव जाते. जखम झालेली कळत नाही, आणि मग चिघळते." त्याच दिवशी बाजारातून गमबूट घेतले. चिखलात ते रुतायचे, पाय वर यायचा आणि बूट खालीच राहायचा. बायका पोट धरून हसायच्या. हसू देत म्हटलं. रोज संध्याकाळी मी आरसा घेऊन तळपाय तपासायची, तेव्हा आईसुद्धा म्हणायची, "तोंड बगावं मानसानं आरशात."

खरा तमाशा झाला तो झोडणीला, म्हणजे भात मळायच्या वेळी. शेणाने सारवलेल्या खळ्यावर कुणी पायताण घालून जात नाही. भात म्हणजे लक्ष्मी. बाबांनी सांगितलं, बूट काढ, नाहीतर बाहेर बस. मी म्हटलं, "बाहेर बसून पीक कसा काढू? लक्षुमीला माजा पाय गेलेला चालंल?" बूट साबणाने धुतले, पुसले, आणि गेले सरळ खळ्यावर. काकूने कपाळाला हात लावला. बाबा सकाळभर माझ्याकडे पाठ करून भारे झोडत राहिले. मला रडू येत होतं, रागाने. एवढं वर्ष राबून मी शेवटी कोण, तर बूटवाली!

दुपारी काकू किंचाळली, "रगत! खल्यावर रगत!"

सारवणावर खरंच रक्ताचे ठसे होते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. दादा सुट्टी काढून आला होता, तो धावलाच. "सांगत व्हतो ना मी! हिला नाय झेपनार! बस खाली, काढ बूट!" अरे, रबराच्या बुटातून रक्त बाहेर येईल कसं? अक्कल काय गहाण टाकली होती सगळ्यांनी? पण ऐकतंय कोण! दादाने आणि काकूने मला बसवून बूट ओढून काढले. पाय स्वच्छ. साधा ओरखडाही नाही.

मग मी ठशांच्या मागे बघत गेले. ते बाबांपाशी थांबले होते. बाबा भारा झोडतच होते. त्यांच्या टाचेत बाटलीची काच घुसली होती. रस्त्यावरचे ट्रकवाले बाटल्या शेतात फेकतात, त्यातली.

"बाबा, तुमाला दुखत नाय?"

"नाय गो. काय झाला?"

सगळ्यांनी हुश्श केलं. दुखत नाही म्हणजे फार लागलं नाही! मला मात्र डॉक्टरांचे शब्द आठवले. काच एवढी आत, आणि दुखत नाही? साखर तपासायचं माझं मशीन आणलं. इतकी वर्षं ते घरात होतं, पण बाबांनी बोट कधी पुढे केलं नव्हतं. आजारी तू, मला कशाला, म्हणायचे. आता मात्र केलं. आकडा चारशेच्या वर. मी बाबांवर ओरडले, सगळ्यांदेखत, आणि ओरडता ओरडता रडले.

दवाखान्यात जखम उघडली तर आत जुना पू होता, म्हणजे काच आधीच कधीतरी घुसली होती. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण आता महिनोन् महिने शेतात जायचं नाही. आणि इन्सुलिन सुरू. खाटेशेजारी उभा असलेला दादा म्हणाला, "आता तरी हट्ट सोरा. कंटेनरवाल्याला मी फोन करतो."

तेवढ्यात बाबांसाठी नर्स सुई घेऊन आली. मला रोज टोचून घेताना बघितलेला माणूस, पण सुईकडे बघून लहान पोरासारखा अंग चोरून बसला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "दुखतं का गो?"

दहा वर्षांत हे मला घरात कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेव्हा माझं टाळकंच सटकलं. "दुखतं! रोज दुखतं! दिवसातून चार येला दुखतं! तरी जाते ना मी शेतावं?"

बाबांनी नर्सपुढे दंड धरला. दादाकडे बघितलंही नाही.

"मंग जा ना," ते म्हणाले. "हितं काय करतेस? भात तसाच परलाय खल्यावं. आनि अनवानी जाव नको."