ताईंनी दिलेला सूर

तीन मार्चला सकाळी रुग्णालयाच्या खिडकीवर नऊ हजार चारशे पन्नास भरले आणि पावती घेऊन मी वर गेलो. ताई पलंगावर बसून पाय हलवत होत्या. गळ्यातली गाठ काढायची होती. गाठ साधीच आहे, पण आवाजाची नस तिला अगदी खेटून आहे, असे सर्जनने आदल्या दिवशी सांगितले होते. जिवाला धोका नाही. आवाजाचे नंतर बघू.

"नंतर बघू म्हणजे काय?" ताई म्हणाल्या. "आत्ताच ठरवून टाकू. जूनच्या कार्यक्रमात पहिला सूर मी देणार. नाही देता आला, तर त्यानंतरच्या गुरुवारच्या तालमीपासून समूहाला दुसरं माणूस शोधा. मी हात हलवायला उभी राहणार नाही. हात काय, वाहतूक पोलीसही हलवतो."

पहिला सूर म्हणजे काय, ते सांगायला हवे. ताईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात त्यांचे आयुष्य गेले. नोकरीत असतानाच त्यांनी वाचनालयाच्या माळ्यावर समूहगान सुरू केले. पहिल्या दिवशी सातजण होते, त्यातले दोघे जिना चुकून आलेले. मी त्यांपैकी एक. मला पुस्तक परत करायचे होते. ते ताईंनी माझ्या हातातून काढून घेतले, मला खालच्या सुरांच्या रांगेत उभे केले आणि पुढे कधीतरी खजिनदारही केले.

माळ्यावर जुना पियानो आहे, पण गाणे सुरू करताना त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. "पियानोला श्वास घ्यावा लागत नाही. माझ्या तोंडून सूर घ्याल, तर श्वासही माझ्याबरोबर घ्याल." त्या समोर उभ्या राहून मिटल्या ओठांनी सूर धरायच्या. तिन्ही रांगा एकदम छाती भरून घ्यायच्या आणि गाणे उचलले जायचे. मिळालेल्या सुराबद्दल विचारायचे नाही, शेजाऱ्याकडे बघायचे नाही. वर्षानुवर्षे हेच अंगवळणी पडले.

ऑपरेशन नीट झाले. त्यानंतर मात्र ताई कुजबुजतच बोलू लागल्या. घड्याळदुरुस्ती करणारे त्यांचे यजमान एका कानाने कमी ऐकतात. ते म्हणाले, "घरात तसा काही फरक पडलेला नाही." ताईंनी त्यांना उशी फेकून मारली.

एप्रिल-मेमध्ये तालमीला मधल्या रांगेतले शिंपीकाका पियानोवरून सूर द्यायचे. सूर अचूक असायचा, पण आम्ही एकत्र उचलायचो नाही. कुणी आधी, कुणी नंतर, भाड्याची खोली बघायला आल्यासारखे. ताई खुर्चीत बसून ऐकायच्या. आता थोडे बोलता येत होते, तरी सूर त्यांनी एकदाही लावून पाहिला नाही. आम्हीही विचारले नाही. विचारले आणि नाही म्हणाल्या तर काय, हीच सगळ्यांना धास्ती.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंनी मला बाजूला घेतले. "खजिनदार, मागच्या दाराशी टॅक्सी थांबवून ठेवा. सूर आला नाही तर मी पडद्यामागून सरळ घरी जाईन. कुणी समजूत घालायला यायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही."

टॅक्सी थांबवली. आम्ही रांगा लावून उभे राहिलो. ताई समोर आल्या, मानेवरचा रुमाल त्यांनी नीट केला आणि ओठ मिटले.

क्षणभर काहीच आले नाही. मग आला. घोगरा आणि नेहमीपेक्षा चांगला दोन पट्ट्या खाली. दुसऱ्या कुठल्याही समूहात निम्म्यांनी पाठ असलेला वरचा सूर लावला असता आणि पहिल्याच ओळीला फज्जा उडाला असता. आमच्यातल्या एकानेही शेजाऱ्याकडे पाहिले नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि ताईंनी दिला तिथूनच गाणे उचलले.

मला मात्र पुढची अडचण दिसत होती. तिसऱ्या कडव्यात खालची रांग मूळ पट्टीतच तळाला टेकते. आणखी दोन पट्ट्या खाली आमच्यापाशी आवाजच नव्हता. नुसता वारा आला असता. ताईंच्याही ते ध्यानात आले असावे. कडवे सुरू होण्याआधी त्यांनी आमच्याकडे बघून तळहात वर उचलला. वरच्या सप्तकात गा, ही त्यांची जुनी खूण. आम्ही मुकाट्याने वर चढलो आणि मधल्या रांगेत मिसळलो.

शेवटची उंच ओळ वरच्या रांगेतल्या नर्सबाईंची. त्या ओळीला त्यांचा चेहरा दरवेळी लालबुंद व्हायचा. त्या दिवशी शेजारणीशी बोलावे इतक्या सहज त्या गायल्या.

टाळ्या थांबल्यावर आत येताच नर्सबाईंनी ताईंना धरले. "ताई, इतकी वर्षं ही पट्टी कुठे लपवून ठेवली होतीत? माझा जीव जायचा हो दरवेळी!"

"आधी सांगायचंस ना, ऑपरेशन लवकर करून घेतलं असतं," ताई म्हणाल्या. मग शिंपीकाकांकडे वळल्या. "किती खाली आला?"

"दोन पट्ट्या."

"आणि तुम्ही सगळे निमूट माझ्यामागून आलात?"

"तुमच्या सुराला प्रश्न विचारायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता भोगा."

ताई हसू लागल्या. हसता हसता त्या कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसल्या आणि रुमालाने डोळे पुसले. यजमान धावत आले. "काय झालं? काय म्हणाली ती?"

"गुरुवारी सहा वाजता तालीम, असं म्हणाले मी," ताई त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाल्या. "आणि सगळी गाणी दोन पट्ट्या खाली बसवायची आहेत. उशीर नको."

घरी त्या सगळ्यांबरोबर गप्पा मारत चालतच गेल्या. मी मागच्या दाराशी जाऊन टॅक्सीवाल्याला थांबण्याचे एकशे ऐंशी दिले. ते ताईंकडून अजून यायचे आहेत.