खडूचे दोन ठोके

मोशीच्या सावळारामाला बिलियर्डच्या टेबलावर हरताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी फार कसबी काम पाहिलं. सोपा लाल चेंडू तो असा हुकवायचा की बघणाऱ्याला त्याची कीव यावी. मग आपल्या नशिबाला शिव्या घालायचा, हातातली खेळायची काठी, क्यू, आपटायचा. जिंकणं कोणालाही जमतं हो, असं हरायला अंगात कला लागते.

मी ज्योतीराम. चिंचवडच्या एका कारखान्याच्या स्टाफ क्लबात मार्कर होतो. टेबलावरची धूळ झाडायची, क्यू पुसायचे, खेळ चालू असताना गुण मोठ्याने पुकारायचे आणि बाकी वेळ तोंड मिटून ठेवायचं, एवढंच मार्करचं काम. यातलं शेवटचं मी जरा जास्तच चोख केलं. ते पुढे येईलच.

सावळाराम त्याच कारखान्यात पेंटर होता. पिंपांवर, दारांवर, मशिनींवर नावं लिहायचा. शाळा तिसरीपर्यंत, पण अक्षर बघत राहावं असं. क्लबात खडकीच्या गोऱ्या पलटणीचं लिलावात घेतलेलं टेबल होतं आणि भिंतीवर एक सागवानी फळा. दरवर्षीच्या विजेत्याचं नाव त्यावर सोनेरी रंगात लागायचं. पंचावन्न आणि छप्पन, दोन्ही साली नाव एकच होतं, दौलतरावांचं. दोन्ही वेळा ते लिहिलं सावळारामाने.

दौलतराव टाइम ऑफिसात कारकून. साताऱ्याकडचा माणूस, कपडे परीटघडीचे, बोलणं तोलून मापून. पुण्याच्या स्पर्धेतही कप मिळवलेला. अशा माणसाचं आणि सावळारामाचं जमेल असं कोणाला वाटलं नसतं. जमत नाहीच, असं सगळी खडकी मानून चालली होती, आणि धंदा सगळा त्यावरच चालला होता.

शनिवारी दुपारी हाफ डे सुटला की दोघं वेगवेगळ्या सायकलींवर दापोडीचा पूल ओलांडून खडकी बाजारात जायचे. तिथे एका इराण्याच्या हॉटेलात मागच्या खोलीत टेबल होतं. मीही जायचो, मला त्यांच्या खेळाचं वेड होतं. खोली भरली की दौलतराव क्यूच्या टोकाला घासायचा खडूचा तुकडा टेबलाच्या लाकडावर दोनदा ठोकायचे. टक टक. मग सुरुवात.

"हा जुगारी! पैजेशिवाय क्यूला हात लावत नाही!"

"व्हय, खेळतो पैजंवर! तुझ्या बापाचं काय जातं?"

हमरीतुमरी व्हायची. लोक पेटायचे, कोणी चॅम्पियनवर लावायचा, कोणी गावच्या गड्यावर. जास्त पैसे ज्याच्यावर लागतील तो त्या दिवशी थोडक्यात हरायचा, आणि लोकांचे बुडालेले पैसे दोघं गुपचूप वाटून घ्यायचे. परत येताना पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर दोघं पोट धरून हसायचे. दोन ठोक्यांची खूण सावळारामाचीच. मला म्हणाला होता, "ज्योतीभाऊ, शिव्या खोट्या हायत हे आधी ठावं असलं की लागत न्हाईत."

सत्तावन्न साली क्लबने ठरवलं की यंदा स्पर्धेत कामगारांनीही उतरावं. अट एकच, पैजेवर खेळणारा नको. सावळारामाने दिवाळीपासून खडकी सोडली. त्याच्या बायकोचं, कुशाबाईचं, एक वाक्य त्याला बोचत होतं. ती म्हणाली होती, "जगाची नावं रंगवताय, तुमचं कुठं हाय?" मोशीत तर त्याला जुगारी सावळ्या म्हणूनच ओळखायचे. त्याला कप नको होता. त्याला त्या फळ्यावर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं होतं. रिकाम्या पिंपावर ते लिहून, लगेच पुसून टाकताना मी त्याला पाहिलं आहे.

दौलतराव केवढे खूश! त्याचा अर्ज त्यांनीच भरला, त्यांनीच सेक्रेटरी साहेबांना दिला. एका रविवारी सकाळी क्लबात आम्ही तिघंच होतो. दौलतराव म्हणाले, "सावळा, इतकी वर्षं हात राखून खेळलास. आज मला तुझा खरा खेळ बघू दे."

आणि त्या वेड्याने दाखवला. एकदा टेबलावर वाकला तो ब्याऐंशी गुण करूनच उठला. पुकारता पुकारता माझा आवाज चढत गेला. तसला खेळ मी आजवर पुन्हा पाहिला नाही. दौलतराव "वा राव" म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

बुधवारी कोण कोणाविरुद्ध खेळणार, त्या जोड्या ठरवायची बैठक होती. साहेबांनी सावळारामाचं नाव वाचलं. दौलतराव टेबलापाशी उभे होते. त्यांनी खडू उचलला आणि लाकडावर दोनदा ठोकला.

"साहेब, हा जुगारी आहे. पैजेशिवाय क्यूला हात लावत नाही."

सावळारामाचा चेहरा खुलला. देवाशपथ सांगतो, खुलला! त्याला वाटलं दोस्ताने काहीतरी डाव मांडलाय, रंगत आणतोय. छाती काढून तो नेहमीच्या आवाजात गरजला, "व्हय, खेळतो पैजंवर! तुझ्या बापाचं काय जातं?"

साहेबांनी पेन उचललं आणि त्याच्या नावावर रेघ मारली. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस," म्हणाले.

सावळाराम अजून हसतच होता. दौलतराव हसतील म्हणून वाट बघत होता. मग हळूहळू ते हसू उतरलं. "साहेब, ह्ये आमचं नाटक हाय," तो म्हणाला.

"कसलं नाटक? कोणाबरोबर?"

त्याने दौलतरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. खडकीत मी काय करत होतो, हाही प्रश्न निघाला असता आणि माझी नोकरी गेली असती. मी गुणांच्या पाटीवरचा काटा शून्यावर आणत बसलो. तो शून्यावरच होता.

सावळारामाने नाव सांगितलं नाही. त्याला सांगता आलं असतं. विश्वासघात करणं त्याला जमत नव्हतं, बाकी लबाडी सगळी येत होती.

स्पर्धा अर्थात दौलतरावांनी जिंकली. बक्षिसाच्या दिवशी सावळाराम शिडीवर चढला आणि तिसऱ्यांदा तेच नाव लिहिलं. अस्तर लावून, आखून, एक मात्रा इकडची तिकडे न होऊ देता. खाली उतरल्यावर दौलतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्षर लिहावं तर आमच्या सावळारामाने."

सावळारामाने ब्रशचा दांडा टेबलाच्या लाकडावर दोनदा ठोकला.

"दौलतराव, तुमच्यावानी खरा खेळाडू या मुलखात न्हाई."

टाळ्या पडल्या. दौलतरावांचा चेहरा मात्र पडला आणि हातातला कप त्यांनी खाली ठेवला. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बरी जिरली, असं वाटलं.

लोक पांगले. सावळारामाने रंगाचे डबे पिशवीत भरले आणि निघाला. दाराशी माझ्याजवळ थांबला. चौकटीवर बोटाने दोनदा वाजवलं आणि म्हणाला, "ज्योतीभाऊ, तुमच्यावानी दोस्त मिळाया नशीब लागतं."